दुकान तयार होईपर्यंत

पुंता आरेनासला जूनमध्ये संध्याकाळ जेवणाआधीच संपते,
आणि वारा असा की कोपऱ्यावरचा माणूस
दिव्याच्या खांबाला मिठी मारतो
जुनी ओळख असल्यासारखी.

ड्रागिकाचं दुकान हीटरदुरुस्तीचं. बर्नर, नळ्या, काजळलेल्या जाळ्या.
"चाळीस वर्षं याच गल्लीत आहे," ती म्हणाली,
"आणि फोनला विचारलं की गावात हीटर कोण दुरुस्त करतं,
तर तो सान्तियागो दाखवतो!
तिथून माणूस येईपर्यंत म्हातारी गोठून जाईल."
काखेत कळसा नि गावाला वळसा. पण इथे
कळसाच सांगत होता, मी नाही.

काउंटरवर जागा नव्हती. एक गंजका बर्नर सरकवून
मी लॅपटॉप उघडला.

पहिल्या पानावरचा फोटो चौदा मेगाबाइटचा:
तिचा भाऊ तोंको, हातात पाना, मागे बर्फ.
उघडायला एकवीस सेकंद. गारठलेला माणूस
इतका वेळ कुणाच्या भावाकडे बघत नाही.
फोटो हलका केला. बर्फ होता तेवढाच राहिला,
मिशीतले केस तेवढे एकमेकांत मिसळले.
ड्रागिकानं चष्मा लावला, काढला.
"चालेल," म्हणाली.

मग 'किमती' हे पान माणसाला 'सेवा'कडे पाठवायचं
आणि 'सेवा' परत 'किमती'कडे,
नगरपालिकेतल्यासारखं: खिडकी तीन, नाही हो, पाच,
पाचवर कोण म्हणालं, तीनच.
एकाला खुर्चीत बसवलं, दुसऱ्याला घरी पाठवलं.

सत्तावीस पानांना नाव एकच, 'नवीन पान'.
सत्तावीस पोरांना एकाच नावानं हाक मारा,
जेवायला कोण येणार?
ती सांगत गेली, मी लिहीत गेले.
थर्मोकपल. धुराड्याची टोपी. 'लहान ज्योत सारखी विझते'.
"हे काय नाव झालं?" मी विचारलं.
"लोक दारात येऊन असंच म्हणतात, रोसेंदा.
थर्मोकपल म्हणता आलं असतं
तर त्यांनी स्वतःच नसता का बदलला."

एवढं करून शोधात आम्ही कुठेच नव्हतो.
शेवटच्या पानावरही नाही.

एक छोटीशी फाइल असते, उंबऱ्यावर.
शोधयंत्रांचे हरकारे आत शिरण्याआधी ती वाचतात.
शहाणे म्हणून नव्हे,
सांगितलेलं ऐकणारे म्हणून. मी ती सगळ्यात आधी
बघायला हवी होती. थंडीनं डोकं चालत नव्हतं, असं म्हणू.
तीत मनाईची एकच ओळ: सगळ्यांना, सगळीकडे.
आणि वर तोंकोची टीप:
'दुकान तयार होईपर्यंत कोणी येऊ नये.'
सहा वर्षांपूर्वीचा मार्च.

"एप्रिलात गेला," ड्रागिका म्हणाली.
"सामुद्रधुनीत. बोट सापडली."

सहा वर्षं ते हरकारे येत होते,
रोज, वादळातही,
एका मेलेल्या माणसाचा शब्द पाळून परत जात होते.
जिवंतांपैकी इतकं कोणी ऐकलं नव्हतं त्याचं.

माझं बोट पुसायच्या कळीवर होतं.
"पुसायलाच हवं का?" तिनं विचारलं.
मी टीप तशीच ठेवली. मनाईच्या ओळीआधी
एक छोटं चिन्ह टाकलं, दोन आडव्या दोन उभ्या रेघा,
पोरं फुली-गोळा खेळायला आखतात तसं.
आता यंत्रं ती ओळ ओलांडून जातात.
माणसाला मात्र वाचता येते.

तिनं पैसे मोजले, वर सुकवलेल्या शिंपल्यांची एक माळ दिली.

अठरा दिवसांनी तिचाच फोन. रागावलेली.
सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनीरहून, कुणी बाप्या
सकाळी सहाला फोन करून विचारतोय,
लहान ज्योत सारखी विझते, काय करू.
"मग काय सांगितलंस?"
"काय सांगणार! नळी फुंक म्हटलं. नाहीतर
दहाच्या फेरीनं ये. दार उघडं आहे."